कार्यप्रणालीचे स्थलांतर आणि श्रेयाचा प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीला नियमित आधार देणे थांबवले, आणि २०१५ पासून घराघरांत, कचेऱ्यांत, शाळांत व छापखान्यांत ती वापरणाऱ्या असंख्य लोकांपुढे, त्यांनी स्वतःहून कधी न विचारलेला एक प्रश्न येऊन ठाकला. कार्यप्रणाली, म्हणजे व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, संगणकाचे यंत्रभाग आणि त्यांवर चालणारे निरनिराळे प्रोग्रॅम यांच्यामधील व्यवस्था पाहते. कोणत्या प्रोग्रॅमला किती स्मृती द्यायची, फाइल कोठे ठेवायची, दाबलेली कळ कोणत्या चौकटीत उमटवायची, हे सारे तीच ठरवते. आधार थांबला म्हणून संगणक बंद पडत नाही. मात्र त्या प्रणालीच्या सुरक्षेत यापुढे आढळणाऱ्या त्रुटींची दुरुस्ती नित्याच्या अपडेटमधून येईनाशी होते. ‘विंडोज ११’ ही पुढची आवृत्ती २०२१ मध्येच आली असली, तरी तिला गुप्त किल्ल्या सांभाळणारी ‘टीपीएम २.०’ ही व्यवस्था आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी संगणक अधिकृतपणे अपात्र ठरले. अशा संगणकाच्या मालकापुढे चार वाटा उरल्या: नवा संगणक घेणे, वाढीव मुदतीची अपडेट घेऊन आणखी वर्षभर निभावणे, अपडेटशिवाय आहे तसे चालू ठेवणे, किंवा लिनक्ससारख्या दुसऱ्या कार्यप्रणालीकडे जाणे.

प्रथमदर्शनी हा ग्राहकाच्या सोयीचा आणि खिशाचा प्रश्न वाटतो, आणि त्याचे उत्तरही बहुधा किंमत, वेग, परिचय आणि उपलब्ध प्रोग्रॅम यांची तुलना करूनच दिले जाते. तथापि ज्या साधनात माणसाचा पत्रव्यवहार, हिशेब, लेखन, छायाचित्रे आणि पुष्कळदा उपजीविकाही सामावलेली असते, त्या साधनावर अंतिम अधिकार कोणाचा, हा प्रश्न सोयीपाशी संपत नाही. यंत्र मालकाचे, ते चालवणारी प्रणाली परवान्याने वापरायला मिळालेली, आणि त्या परवान्याच्या अटी व आधाराची मुदत ठरवणारा तिसराच, अशी ही रचना असल्यामुळे प्रणाली बदलावी की नाही याचा विचार मुळात बंधनाचा आणि त्यातून सुटण्याचा विचार ठरतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे आहे की, कोणती प्रणाली श्रेष्ठ या प्रश्नाआधी बंधन नेमके कोठे आहे हे शोधावे लागते; ते बहुधा प्रणालीपेक्षा दस्तऐवजांत आणि सवयींत अधिक असते, आणि म्हणून निर्णयाचा नैतिक भार ‘जावे की राहावे’ यापेक्षा ‘जाता येईल अशी स्थिती निर्माण केली आहे काय’ या प्रश्नावर अधिक पडतो.

धर्मभाषेचा मोह आणि तिची मर्यादा

संगणकाच्या निवडीबद्दल बोलताना धर्माची भाषा वापरण्याची प्रथा जुनी आहे. इटालियन विचारवंत उंबेर्तो एको यांनी १९९४ साली एका साप्ताहिक स्तंभात ॲपलची मॅकिंटॉश प्रणाली कॅथलिक आणि मायक्रोसॉफ्टची डॉस प्रोटेस्टंट असल्याचे मिस्कीलपणे प्रतिपादले होते: पहिली प्रणाली भक्ताला पायरीपायरीने, चित्रांच्या साहाय्याने मुक्तीपर्यंत नेते, तर दुसरी त्याला संहितेचा अर्थ स्वतः लावण्याचे स्वातंत्र्य आणि त्या स्वातंत्र्याबरोबर येणारी कठीण जबाबदारी देते, असा त्यांच्या विनोदाचा आशय होता. ॲपल कंपनीत मॅकिंटॉशचा प्रसार करणाऱ्यांना ‘इव्हँजेलिस्ट’, म्हणजे शुभवर्तमानाचा प्रचारक, असे पदनाम होते. आणि मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी तर झगा घालून, डोक्यामागे प्रभावळ लावून स्वतःच्याच संतपणाची थट्टा व्याख्यानांतून केली आहे. या साऱ्या विनोदाला एक आधार आहे. प्रणालीची निवड माणसाला समूहात दाखल करते, त्या समूहाची परिभाषा शिकवते आणि इतर समूहांकडे पाहण्याची दृष्टीही देते.

परंतु हे साम्य फार ताणले तर ते असत्य होते. ‘धर्मांतर’ हा शब्द महाराष्ट्रात हलक्या हाताने वापरता येत नाही, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यात केलेल्या घोषणेपासून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या दीक्षेपर्यंतचा प्रवास हा माणूस म्हणून जगण्याच्या हक्काचा आणि प्रतिष्ठेचा प्रवास होता; कोणत्याही यंत्राच्या निवडीत तशी प्रतिष्ठा पणाला लागत नाही. म्हणूनच कार्यप्रणालीच्या बदलासाठी ‘स्थलांतर’ हा साधा शब्द अधिक प्रामाणिक आहे. धर्मविचारातून येथे घेण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती निर्णयाच्या स्वरूपाविषयीची आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी २०१४ सालच्या ‘ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्स्पीरियन्स’ या ग्रंथात असे दाखवले आहे की काही अनुभव माणसाला पूर्वी नसलेले ज्ञान देतात आणि त्याच्या आवडीनिवडीही बदलतात, त्यामुळे निर्णयापूर्वीच्या आवडीनिवडींच्या तराजूत अशा अनुभवाचे मूल्य तोलता येत नाही. मूल होऊ देणे किंवा नवा धर्म स्वीकारणे ही अशा अनुभवांची ठळक रूपे होत. प्रणालीचा बदल त्यांच्या पंक्तीला बसत नसला, तरी अशा अनुभवाची एक क्षीण छटा त्यात असते: विंडोजच्या सवयींनी घडलेला माणूस लिनक्सची गैरसोय आज मोजतो ती त्या सवयींच्याच मापाने, आणि सहा महिन्यांनंतर ते मापच बदललेले असू शकते. तुलनेचे तक्ते कितीही काळजीपूर्वक तयार केले, तरी त्यांतून निर्णय आपोआप का निघत नाही, याचे एक कारण हे आहे.

श्रेय आणि प्रेय

कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की श्रेय आणि प्रेय, म्हणजे कल्याणकारक आणि तात्काळ सुखकारक, या दोन भिन्न गोष्टी माणसापुढे येतात आणि विवेकी मनुष्य त्यांतला भेद पारखून श्रेयाची निवड करतो. मुक्त सॉफ्टवेअरची विचारसरणी मूलतः याच भेदावर उभी आहे. स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे चार स्वातंत्र्यांची व्याख्या मांडली: प्रोग्रॅम कोणत्याही हेतूने चालवण्याचे, तो कसा चालतो हे अभ्यासून त्यात बदल करण्याचे, त्याच्या प्रती इतरांना देण्याचे, आणि बदललेल्या प्रतीही वाटण्याचे. यांपैकी दुसऱ्या व चौथ्या स्वातंत्र्यासाठी मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा सोर्स कोड, उपलब्ध असणे आवश्यक असते. या मांडणीत प्रोग्रॅम चांगला चालतो की वाईट हा प्रश्न दुय्यम ठरतो. ज्याच्यावर वापरकर्त्याचा अधिकार चालत नाही असा उत्तम प्रोग्रॅमही प्रेय होय, श्रेय नव्हे. हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहिलेला लिनक्स हा गाभा, म्हणजे कार्यप्रणालीचा मध्यवर्ती भाग, ग्नूच्या साहित्याशी जोडला गेला आणि ही विचारसरणी प्रत्यक्ष वापरण्याजोग्या प्रणालीत उतरली. १९९८ साली ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा पुढे आणणाऱ्यांनी मात्र नैतिक आग्रह बाजूला ठेवून, खुल्या संहितेमुळे सॉफ्टवेअर अधिक भरवशाचे होते, असा व्यावहारिक युक्तिवाद स्वीकारला.

या दोन पक्षांमधील वाद किती खरा आहे हे लिनक्सच्याच इतिहासातून दिसते. लिनक्सच्या गाभ्यातील बदलांची नोंद ठेवण्यासाठी २००२ पासून ‘बिटकीपर’ हे मालकी हक्काचे साधन वापरले जाऊ लागले, कारण ते सोयीचे होते आणि त्याची मोफत परवानगी मिळाली होती. २००५ साली ती परवानगी काढून घेण्यात आली, आणि टोरवाल्ड्स यांना काही दिवसांतच ‘गिट’ हे नवे साधन स्वतः लिहायला घ्यावे लागले. प्रेय निवडणाऱ्याला त्याची किंमत नंतर मोजावी लागते, असा सरळ बोध यातून काढता येईल. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ते स्थलांतर शक्य झाले, कारण मूळ द्रव्य, म्हणजे लिनक्सची संहिता, साध्या मजकुराच्या रूपात होती आणि कोणत्याही एका साधनात कैद झालेली नव्हती. साधन परके होते, पण साधनातून घडलेली वस्तू मोकळी होती.

शिवाय श्रेय आणि प्रेय हा भेद वस्तूंवर चिकटवण्याच्या चिठ्ठ्यांचा नाही. लिनक्स म्हणजे श्रेय आणि विंडोज म्हणजे प्रेय असे समीकरण मांडणारा उपनिषदातील विवेकच गमावतो, कारण विवेक हा निवडणाऱ्याच्या हेतूत आणि परिस्थितीच्या जाणिवेत असतो. नावीन्याच्या हौसेने किंवा इतरांहून वेगळे दिसण्याच्या इच्छेने लिनक्स घेणारा प्रेयाच्याच मागे असतो. याउलट एखाद्या अंध वापरकर्त्याचे उदाहरण घेता येईल. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा ‘एनव्हीडीए’ हा प्रोग्रॅम ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध प्रोग्रॅमरांनी २००६ पासून घडवला. तो स्वतः मुक्त सॉफ्टवेअर आहे, विनामूल्य आहे, आणि तरीही तो विंडोजवरच चालतो. लिनक्सवर ‘ऑर्का’ हा त्याच स्वरूपाचा पर्याय असला, तरी ज्याचे शिक्षण आणि नोकरी एनव्हीडीएच्या सवयीवर उभी आहे, त्याने विंडोजवर राहणे म्हणजे परावलंबन पत्करणे असे म्हणता येणार नाही. मालकीच्या प्रणालीच्या आत राहून त्याने इतरांच्या दयेवरचे अवलंबन संपवलेले असते.

स्वधर्म कशाचा

स्थलांतराच्या विरोधात भारतीय परंपरेतून सर्वांत सहज पुढे येणारा युक्तिवाद स्वधर्माचा आहे. गीतेच्या तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायांत, उणीव असलेला का होईना पण स्वतःचा धर्म परधर्माहून श्रेयस्कर मानला आहे, आणि त्याचा आधार घेऊन ‘सवयीचे आहे तेच बरे’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु गीतेतील स्वधर्माचा संबंध सवयीशी नसून कर्तव्याशी आहे. अर्जुनाला त्या क्षणी युद्ध सोडणे अधिक सुखाचे वाटत असताना त्याला ते सोडू नये असे सांगितले जाते. म्हणून स्वधर्माचा निकष संगणकाला लावायचा तर तो प्रणालीला लागत नाही, तो संगणकावर चालणाऱ्या कर्माला लागतो. प्रश्न असा होतो: निर्णय घेणाऱ्याचे काम कोणते, त्या कामावर कोण अवलंबून आहे, आणि प्रणाली बदलल्याने त्या कर्तव्यात खंड पडतो की ते अधिक नीट पार पडते?

मराठी मुद्रणव्यवसायात हा प्रश्न फार मूर्त स्वरूपात भेटतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर बहुतांशी अशा फॉन्टमध्ये टंकित होत असे, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे, काने, वेलांट्या आणि अर्धी अक्षरे बसवलेली असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठत असे तो इंग्रजी चिन्हांचाच क्रम, आणि तो मराठी दिसे तो केवळ त्या विशिष्ट फॉन्टमुळे. प्रत्येक फॉन्टकुळाची मांडणी निराळी असल्यामुळे तो फॉन्ट किंवा त्याला चालवणारा प्रोग्रॅम नसलेल्या संगणकावर तोच मजकूर अर्थहीन चिन्हांची रांग होऊन बसतो. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकच्या भारतीय भाषांविषयीच्या कामातून आणि ‘इस्की’ या भारतीय मानकातून एका सामाईक संकेतप्रणालीची दिशा दिसली होती. १९९१ साली आलेल्या युनिकोडने देवनागरीसाठी १२८ जागांचा खंड राखून प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक दिला. तरीही जुन्या पद्धतीतील ग्रंथ, अंक आणि जाहिराती डीटीपी करणाऱ्यांच्या डिस्कवर पडून राहिल्या, आणि त्या उघडण्यासाठी लागणारे प्रोग्रॅम बहुतांशी विंडोजचेच राहिले.

अशा व्यावसायिकाने आज लिनक्सकडे जाण्यास नकार दिला, तर तो आळशी किंवा परंपराग्रस्त ठरत नाही. लेखकांनी आणि प्रकाशकांनी विश्वासाने सोपवलेल्या मजकुराची जबाबदारी त्याच्यावर असते. मात्र या उदाहरणाचा बारकाईने विचार केला की लक्षात येते, त्याला बांधून ठेवणारी गोष्ट विंडोज नाही. तो बांधला गेला आहे तो मजकूर ज्या रूपात साठवला आहे त्या रूपाने. उद्या विंडोजच्याच एखाद्या नव्या आवृत्तीत तो जुना प्रोग्रॅम चालेनासा झाला, तर तो स्थलांतर न करताही बेघर होईल. म्हणजेच त्याचा स्वधर्म त्याला ‘येथेच राहा’ एवढेच सांगून थांबत नाही; जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे कष्टाचे, मुद्रितशोधकाची नजर मागणारे काम तो त्याच्यावर सोपवतो, मग तो कोणत्याही प्रणालीवर राहो.

न बदलणे हाही बदल

स्थलांतर टाळणाऱ्याच्या मनात एक गृहीत असते की राहणे म्हणजे जसे आहे तसे टिकणे. हे गृहीत तपासण्यासाठी ओळखीविषयीचे, म्हणजे एखादी वस्तू कालांतराने ‘तीच’ कशी राहते याविषयीचे, जुने तत्त्वचिंतन उपयोगी पडते. प्लूटार्कने नोंदवलेल्या थीसियसच्या जहाजाच्या फळ्या कुजत जातील तशा बदलत गेल्या आणि अखेर ते जहाज तेच राहिले की नाही असा वाद तत्त्वज्ञांत झडला. ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला दाखवून देतो की चाक, आस, दांडी यांपैकी कोणतेही एक म्हणजे रथ नव्हे, आणि त्यांच्या पलीकडे रथ नावाची स्वतंत्र वस्तूही नाही. रथ हे त्या घटकांच्या विशिष्ट जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे. ‘माझा संगणक’ हे नावही असेच आहे. यंत्रभाग, कार्यप्रणाली, प्रोग्रॅम, दस्तऐवज आणि वापरणाऱ्याच्या बोटांत मुरलेल्या सवयी यांच्या जुळणीला ते दिलेले असते, आणि या पाचांपैकी प्रत्येक घटक आपापल्या गतीने बदलत असतो. विंडोज एक्सपीचा आधार २०१४ साली आणि विंडोज ७ चा २०२० साली संपला. ज्यांनी विंडोज कधी सोडले नाही, त्यांनीही या काळात दोन-तीन स्थलांतरे केलीच, फक्त त्यांची दिशा दुसऱ्याने ठरवली आणि त्यांना ‘अद्ययावत होणे’ असे सौम्य नाव मिळाले.

विल्यम जेम्स यांनी १८९६ सालच्या ‘द विल टू बिलीव्ह’ या व्याख्यानात खऱ्या अर्थाच्या विकल्पाची तीन लक्षणे सांगितली आहेत: दोन्ही पर्याय मनाला जिवंत वाटले पाहिजेत, निवड टाळणे अशक्य असले पाहिजे, आणि निवडीचे परिणाम महत्त्वाचे असले पाहिजेत. आंतरजालाशी जोडलेल्या, बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकाच्या बाबतीत आधार संपल्यावर दुसरे लक्षण लागू होते, कारण काहीच न करणे म्हणजे वाढत जाणारा धोका पत्करणे आणि हीदेखील निवडच असते. परंतु हे लक्षण सर्वत्र सारखे लागू होत नाही. ज्या संगणकाला आंतरजाल जोडलेलेच नाही, ज्यावर केवळ एखादे जुने यंत्र चालवले जाते किंवा जुने मजकूर उघडले जातात, त्याच्या मालकावर घाई लादणारे कारण फारसे उरत नाही. म्हणून ‘मुदत संपली, आता निर्णय घ्या’ हा आग्रह तर्कशुद्ध कर्तव्य आहे की विक्रीसाठी निर्माण केलेली निकड, हे प्रत्येक यंत्राच्या वापरावरून ठरवावे लागते. जेम्स यांचे पहिले लक्षणही दुर्लक्षून चालत नाही: ज्याने दुसरी प्रणाली कधी पाहिलेलीच नाही, त्याच्यासाठी ती जिवंत पर्याय नसते, आणि अशा माणसाचे ‘मी विचारपूर्वक राहिलो’ हे म्हणणे अर्धेच खरे असते. लिनक्सच्या अनेक वितरणांत, म्हणजे गाभा आणि प्रोग्रॅम एकत्र बांधून दिलेल्या संचांत, मूळ डिस्कला हात न लावता पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहण्याची सोय असते. तिचे तात्त्विक महत्त्व असे की ती मृत पर्यायाला जिवंत करते.

इतरांच्या वतीने घेतलेला निर्णय

व्यक्तीचा निर्णय तिच्यापुरता असतो, पण संस्था निर्णय घेते तेव्हा ज्यांना विचारलेले नसते अशा हजारो लोकांच्या सवयी बदलतात. म्यूनिक शहराच्या परिषदेने २००३ साली नगरप्रशासनाचे संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरवले, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर महापौरांची भेट घेण्यासाठी स्वतः तेथे गेले होते. ‘लिमक्स’ नावाचा हा प्रकल्प २०१३ साली पूर्ण झाला आणि सुमारे १५ हजार संगणक त्याखाली आले; २०१७ साली त्याच शहराच्या परिषदेने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला, आणि २०२० साली सत्तेवर आलेल्या नव्या आघाडीने शक्य तेथे खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण मांडले. अपयशाचे मूळ प्रणालीत होते की शहराच्या संगणकविभागाच्या विस्कळीत रचनेत, यावर मतभेद राहिले. नैतिकदृष्ट्या लक्षणीय गोष्ट ही की तत्त्व म्हणून घेतलेला निर्णय रोजच्या निगराणीवाचून टिकला नाही. जे कर्मचारी त्या तत्त्वात सहभागी नव्हते, त्यांच्या वाट्याला फक्त गैरसोय आली. जर्मनीतीलच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली सुमारे ३० हजार कार्यस्थळांसाठी जाहीर केलेल्या योजनेत क्रम वेगळा ठेवला: आधी लिबरऑफिस आणि खुले दस्तऐवज-स्वरूप, आणि कार्यप्रणाली त्यानंतर.

केरळचा अनुभव तिसऱ्या प्रकारचा आहे. तेथील सरकारी शाळांतील संगणकशिक्षण २००० नंतरच्या दशकात मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्यात आले आणि शिक्षकांचे प्रशिक्षण त्याबरोबर जोडले गेले. त्या वर्गांत पहिल्यांदा संगणकाला हात लावणाऱ्या मुलांना कोणतेही स्थलांतर करावे लागले नाही. त्यांच्यासाठी लिनक्स हाच संगणक होता. यावरून सवयीविषयी दोन गोष्टी दिसतात. एक, जिला अनेकजण नैसर्गिक सुलभता समजतात ती पुष्कळदा कोणीतरी आधी केलेल्या निवडीचा संस्कार असते. दोन, मुलांवर मुक्त प्रणालीचा संस्कार करणे हादेखील त्यांच्या संमतीविना घेतलेला निर्णयच असतो. त्याचे समर्थन एकाच आधारावर होऊ शकते: ज्या संस्कारात पुढे स्वतः तपासण्याची आणि सोडून जाण्याची मोकळीक राखलेली असते, तो संस्कार तशी मोकळीक न राखणाऱ्या संस्काराहून अधिक समर्थनीय होय.

अपरिग्रह आणि ऋण

स्थलांतराच्या बाजूने असलेला सर्वांत सबळ नैतिक युक्तिवाद कदाचित स्वातंत्र्याचा नसून अपरिग्रहाचा आहे. अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे वस्तूंचा संचय न करणे, हे जैन परंपरेतील महाव्रत आणि पातंजल योगातील एक यम आहे. चालू स्थितीतील संगणक केवळ नव्या आवृत्तीस अपात्र ठरला म्हणून टाकून देणे म्हणजे त्यातील धातू, प्लास्टिक आणि ते घडवण्यासाठी खर्च झालेली ऊर्जा यांना अकाली कचरा करणे होय. ई-कचऱ्याविषयीचे भारतातील २०२२ चे नियम उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकतात, पण वस्तू टाकावी लागू नये ही जबाबदारी कोणताही नियम वापरकर्त्यावर टाकू शकत नाही. ती विवेकावरच सोपवलेली राहते. जुन्या यंत्रावर हलकी लिनक्स प्रणाली बसवून ते आणखी काही वर्षे वापरणे हा त्या विवेकाचा सरळ आविष्कार आहे.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो. विनामूल्य मिळणारी प्रणाली घेणारा परिग्रह टाळतो हे खरे, पण तो इतरांच्या श्रमावर फुकट जगत नाही काय? वैदिक परंपरेतील ऋणकल्पना या आक्षेपाला नेमके उत्तर देते. मनुष्य देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण घेऊन जन्माला येतो असे ती मानते, आणि यांतील ऋषिऋण पैशाने फिटत नाही. ते अध्ययनाने, म्हणजे मिळालेले ज्ञान आत्मसात करून पुढे चालू ठेवल्याने फिटते. मुक्त प्रणाली स्वीकारणाऱ्यावर असेच ऋण येते, आणि त्याची फेड आढळलेल्या त्रुटी कळवणे, प्रणालीचा मजकूर मराठीत आणणे, नव्या वापरकर्त्याला शिकवणे अशा मार्गांनी होते. परवान्याची किंमत भरणाऱ्याचा व्यवहार पावतीपाशी संपतो, तर या दुसऱ्या मार्गात संबंध चालू राहतो. ज्याला असा संबंध नको आहे किंवा त्यासाठी वेळ नाही, त्याने किंमत भरून मोकळे होणे पत्करले तर त्यात दोष नाही. मात्र लिनक्स ‘फुकट’ आहे म्हणून ते घेणाऱ्याने त्या शब्दाचा अर्थ पुरता समजून घेतलेला नसतो.

निर्णयाचा क्रम

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष एखाद्या प्रणालीची शिफारस करत नाही, तो क्रमाची शिफारस करतो. प्रथम दस्तऐवज मोकळे करावेत: जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि लेखन, तक्ते व हिशेब अशा स्वरूपात साठवावेत, ज्याचे तपशील जाहीर आहेत आणि जे वाचणारा प्रोग्रॅम कोणालाही लिहिता येतो; २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेले ‘ओपन डॉक्युमेंट’ हे असे एक स्वरूप आहे. नंतर प्रोग्रॅमांची सवय मोकळी करावी: लिबरऑफिस किंवा फायरफॉक्स यांसारखे जे प्रोग्रॅम विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतात, ते आधी आहे त्याच प्रणालीवर वापरून पाहावेत. त्यानंतर नवी प्रणाली जिवंत पर्याय होईल इतकी तिची प्रत्यक्ष ओळख करून घ्यावी. जावे की राहावे हा प्रश्न या तीन पायऱ्यांनंतरच खऱ्या अर्थाने विचारता येतो.

यावर असे म्हटले जाईल की हा क्रम म्हणजे निर्णय पुढे ढकलण्याची सभ्य युक्ती आहे, आणि ज्याची मुदत संपली आहे त्याला इतका अवधी नाही. आक्षेपात तथ्य आहे. ज्याला खरोखर घाई आहे त्याने मिळत असतील तर वाढीव मुदतीची अपडेट घ्यावीत किंवा संगणक आंतरजालापासून तोडावा, पण मिळालेला अवधी या क्रमासाठी वापरावा. तो तसाच वाया घालवला तर पुढच्या मुदतीला प्रश्न अधिक कठीण होऊन परत येईल. आणि ज्याने आधीच घाईत लिनक्स बसवले आहे, तोही या कर्तव्यातून सुटत नाही, कारण मुक्त प्रणालीवरसुद्धा बंदिस्त स्वरूपातील दस्तऐवज बंदिस्तच राहतात.

मोक्षाची कल्पना भारतीय दर्शनांत वेगवेगळ्या प्रकारे मांडली गेली आहे, पण जीवन्मुक्ताच्या वर्णनात एक गोष्ट वारंवार येते: तो जगाचा त्याग करून दुसरीकडे जातोच असे नाही, जगात राहूनही तो त्याने बांधला जात नाही. संगणकाच्या क्षेत्रात एवढी मोठी कल्पना जशीच्या तशी लावणे अतिशयोक्तीचे होईल, तरी तिचा एक लहानसा निकष वापरता येतो. ज्याचे लेखन आणि व्यवहार कोणत्याही प्रणालीवर उघडू शकतात, त्याने विंडोज ठेवले काय किंवा लिनक्स घेतले काय, ती निवड त्याची स्वतःची असते आणि चुकली तर तो ती बदलू शकतो. ज्याचे लेखन एकाच दाराने उघडते, त्याने कोणतीही प्रणाली निवडली तरी निवड दुसऱ्याचीच असते, आणि पुढची मुदतही तो दुसराच ठरवतो.